उत्तरेश्वर मास्तरांचं 'प्रॉबेबली'

गेवराईत इंग्रजी येणारा माणूस एकच, असं लोक म्हणायचे. तो माणूस म्हणजे मिडल स्कुलातले उत्तरेश्वर मास्तर. निजामाचं राज्य होतं. कचेरीत उर्दू, घरात मराठी आणि बाजारात दोन्हींची खिचडी. इंग्रजी कुणाच्या कानावर पडायचा प्रश्नच नव्हता. खरं सांगायचं तर मास्तरांच्याही पडलेलं नव्हतं. औरंगाबादेला ज्या म्हाताऱ्या मुदर्रिसांनी त्यांना इंग्रजी शिकवलं, त्यांनीही ते व्याकरणाच्या पुस्तकातूनच उचललेलं. त्यामुळं मास्तरांचं इंग्रजी मोठं ठाशीव होतं. एकेक शब्द सुटा आणि पुरा. 'आय वुड' म्हणजे 'आय वुड'. बोलताना कुणी त्याचं 'आयड' करून टाकतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मी त्यांच्या हाताखाली शिकलो ते नंतर, एकोणीसशे चोवीस-पंचवीसच्या सुमाराला. ही गोष्ट त्याआधी दहा-बारा वर्षं घडलेली. काही मास्तरांच्या तोंडून ऐकली, काही त्यांच्या पत्नी रतनबाईंकडून, आणि बरीचशी चकलांब्याच्या केशरबाईकडून. केशरबाई ती सांगताना आधी मास्तरांना दोन शिव्या द्यायची, मग त्यांचे गुण गायला लागायची.

त्या साली थंडीत मिशनची एक डॉक्टरीण गोदावरी ओलांडून आली आणि गेवराईच्या बाहेर चिंचेखाली तंबू ठोकून बसली. नाव मिस ग्रीव्ह. गावानं दुसऱ्याच दिवशी त्याचं 'गिरवबाई' केलं. उंच, हाडकुळी, भराभर चालणारी आणि त्याहून भराभर बोलणारी बाई. तिला लोकांचं बोलणं समजावून सांगणारा कंपाउंडर वाटेत शहागडला तापानं पडला होता. तिनं तहसीलदारांकडं माणूस मागितला. तहसीलदारांनी शाळेत हुकूम धाडला आणि मास्तर डोक्याला रुमाल बांधून तंबूत हजर झाले.

पहिले दोन दिवस निभावले. खोकला, खरूज, आलेले डोळे. रोगी बोट दाखवायचा, बाई बाटली दाखवायची. मधलं बोलणं मास्तरांना निम्मं कळायचं, उरलेलं ते अंदाजानं भरून काढायचे. बाईंच्या तोंडून शब्द असे चिकटून बाहेर पडायचे की कुठला कुठं संपला ते समजायला मार्ग नव्हता. पण 'कळलं नाही, पुन्हा सांगा' असं म्हणणं मास्तरांना जमेना. तंबूभोवती सगळं गाव उभं होतं, आणि आपला मास्तर गोऱ्या बाईशी कसा फाडफाड बोलतोय हे कौतुकानं बघत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी चकलांब्याहून बैलगाडी आली. गाडीत केशरबाई आणि तिच्या मांडीवर तिची पोर, छबू. पाच-सहा वर्षांची असेल. पायात बाभळीचा काटा मोडला होता आणि आतच राहिला होता. पाऊल घोट्यापर्यंत सुजून काळंनिळं पडलेलं. पोर तापानं फणफणलेली. बाईंनी पाऊल दोन्ही हातांत धरून निरखलं, वास घेतला, पिंढरीवरून बोट फिरवलं. त्यांचा चेहरा बघून केशरबाईचा धीर सुटला.

"मास्तर, इचारा त्यांना. पाय कापत्याल का माझ्या लेकीचा?"

मास्तरांनी नीट जुळवून प्रश्न विचारला. बाई तोवर पाठमोऱ्या होऊन घंगाळ्यात हात धूत होत्या. पाण्याच्या आवाजात त्या म्हणाल्या, "आय प्रॉबेबली वुडंट कट इट ऑफ."

म्हणजे, बहुतेक कापणार नाही. पण 'वुडंट'चं शेपूट पाण्यात वाहून गेलं. मास्तरांनी पकडलं ते एवढंच: प्रॉबेबली, वुड, कट.

ते केशरबाईला म्हणाले, "बाई म्हणत्यात, बहुतेक कापावा लागंल."

बाई औजारं उकळायला आतल्या तंबूत गेल्या तशी केशरबाईनं पोरीला पदराखाली घेतलं आणि गाडीत जाऊन बसली. मास्तर बघत राहिले. आईच ती, तिला कोण अडवणार, असं त्यांच्या मनात आलं, असं ते पुढं सांगायचे. आणि खरं म्हणजे आपणही तेच केलं असतं, असंही.

बाई चिमटे-सुऱ्या घेऊन बाहेर आल्या, तर पोर नाही. कुठं गेली म्हणून विचारलं. मास्तरांनी आपल्या सुट्या-सुट्या इंग्रजीत सांगितलं की आपण पाय कापणार म्हणालात, म्हणून आई घेऊन गेली.

बाईंच्या हातातलं भांडं खाली आदळलं. त्या काय बोलल्या ते सगळं मास्तरांना कळलं नाही, पण दोन वाक्यं त्यांनी मुद्दाम सावकाश, दातांखाली दाबून म्हटली. मी म्हणाले, 'आय प्रॉबेबली वुडंट.' कापायचा असता तर म्हणाले असते, 'आयड प्रॉबेबली कट इट ऑफ.' आणि मग बोटांनी पायावरून वर जाणारी रेघ दाखवून सांगितलं की आज-उद्यात पू काढला नाही तर विष वर चढेल. मग पाय तरी जाईल, नाहीतर पोर. पुढच्या गावी लोक वाट बघतायत, पण उद्या दुपारपर्यंत मी थांबते.

मास्तर तिथून निघाले ते सरळ आप्पाराव देशमुखांच्या दारात. त्यांचं तट्टू मागून घेतलं. घरावरून जाताना उंबऱ्यातूनच रतनबाईंना सांगितलं, "मी चकलांब्याला चाललो. हेडमास्तरांना निरोप दे."

दुसऱ्या दिवशी शाळेचा मुआयना होता. औरंगाबादेहून मोठे साहेब तपासणीला यायचे होते. आठ दिवसांपासून भिंतींना चुना चालला होता.

"अन् मुआयना?" रतनबाईंनी विचारलं.

"मुआयना पुन्हा व्हतो," मास्तर म्हणाले आणि टाच मारली.

चकलांब्याची वाट तशी लांबची, आणि आप्पारावांचं तट्टू मनाचा राजा, त्यामुळं केशरबाईची गाडी काही वाटेत गाठता आली नाही. वाटभर मास्तर ती दोन वाक्यं पुटपुटत होते. पुस्तकात असलं काही नव्हतं. पुस्तकात 'वुड' पुरं होतं आणि 'नॉट' पुरं होतं. ओढ्यात तट्टू पाणी पिऊ लागलं, तेव्हा खोगिरावर बसल्या बसल्या त्यांना अचानक दिसलं. दोन्ही वाक्यांत 'प्रॉबेबली' आहे, पण जागा वेगळी आहे. कापायचं तेव्हा आधी 'आयड', त्याला चिकटून 'प्रॉबेबली'. नाही कापायचं तेव्हा आधी 'प्रॉबेबली', आणि मग 'वुडंट'. म्हणजे शेवटचं शेपूट ऐकू आलं नसतं तरी चाललं असतं. 'आय' म्हटल्यावर बाई थेट 'प्रॉबेबली'वर आल्या, तेव्हाच कान टवकारायला हवे होते, की आता पुढं नकार येतोय. मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. तट्टू दचकलं आणि मास्तर ओढ्यात पडले. हे मात्र ते स्वतः कधी सांगत नसत. हे केशरबाईनं सांगितलेलं, कारण तिच्या दारात ते कमरेपर्यंत भिजलेलेच पोचले.

केशरबाईचा नवरा शहादेव अंगणातच उभा होता. घरात पोरीच्या पायाला निंबाच्या पाल्याचा लगदा बांधला होता आणि कुणीतरी वैदूला आणायला गेलं होतं.

"कावून आलाव?" शहादेवनं विचारलं. या म्हणणं नाही, बसा म्हणणं नाही.

"पोरीला न्यायला आलोय. बाई पाय कापणार न्हाईत."

"सकाळी तर कापणार म्हणलाव."

"मी चुकीचं सांगितलं. त्या न्हाई म्हणाल्या, मला हो ऐकू आलं."

शहादेव त्यांच्याकडं बघतच राहिला. "तुमाला इंग्रजी येतंय ना?"

मास्तर ओल्या धोतरानिशी उभे होते. म्हणाले, "वाचाया येतंय. ऐकाया न्हाई येत."

आजूबाजूची चार माणसं गोळा झाली होती. त्यातला एकजण हसला. शहादेव हसला नाही. तो म्हणाला, "मग आता बरूबर ऐकलंय, हे कशावरनं? उद्या तिथं नेली अन् पुन्हा तुमचं चुकलं, तर?"

'प्रॉबेबली' कुठं येतं आणि 'वुडंट' कुठं, हे शहादेवला सांगून काय उपयोग? मास्तर पुढं होऊन अंगणातल्या बाजेवर बसले आणि स्वतःच्या पायाभोवती, घोट्याच्या वर, पंजाची मूठ आवळून दाखवली.

"मी पोरीचा पाय असा धरून बसतो. सुरी हितून वर आली तर माझी बोटं आधी कापली जातील. मग तर झालं?"

शहादेव काही बोलायच्या आत केशरबाई दारातून बाहेर आली. तिनं मास्तरांच्या हाताकडं बघितलं, मग तोंडाकडं.

"मास्तर, धरलेला हात सोडायचा न्हाई."

"न्हाई सोडत."

पहाटे तांबडं फुटायला गाडी निघाली. शहादेव स्वतः हाकायला बसला. गेवराईत पोचले तेव्हा दुपार कलायला लागली होती. बाकीचे तंबू उतरून सामान गाड्यांवर चढलं होतं, एवढा एकच उभा होता, आणि त्याच्यासमोर पेटीवर बाई घड्याळ न बघण्याचा प्रयत्न करत बसल्या होत्या. गाडी दिसताच त्या उठल्या आणि बाह्या वर करायला लागल्या.

पोरीला झोपेचं औषध हुंगवलं. मास्तरांनी कबूल केल्याप्रमाणे पंजानं पाय धरला. केशरबाई उशाशी बसली, शहादेव बाहेर पाठ करून. बाईंनी पाऊल चिरलं, पू काढला, काट्याचा तुकडा काढून पाण्याच्या वाटीत टाकला. तो चांगला बोटाच्या पेराएवढा होता. काम करताना बाई जे जे बोलायच्या ते मास्तर दोनदा विचारून घ्यायचे. "मॅडम, वुड ऑर वुडंट?" पहिल्या खेपेला बाई चिडल्या. तिसऱ्या खेपेला त्यांना हसू आलं. "वुड, मास्टर, वुड!"

मग त्या थांबल्या. करंगळीला चिमटा लावून बघितला. करंगळी मुळापर्यंत काळी पडली होती. मान वर न करता, स्वतःशीच बोलल्यासारखं त्या म्हणाल्या, "आयड प्रॉबेबली टेक द लिटल टो."

मास्तरांनी ऐकलं. आधी 'आयड'. नंतर 'प्रॉबेबली'. या वेळेला विचारायची गरज पडली नाही, आणि पडली असती तर बरं झालं असतं असं त्यांना वाटलं. केशरबाई त्यांच्या तोंडाकडंच बघत होती.

"काय म्हणली?"

"करंगळी काढावी लागंल म्हणत्यात."

"पाय?"

"पाय न्हाई. करंगळीच. सडलीय ती."

केशरबाईनं लेकीच्या पायाकडं बघितलं. घोट्याच्या वर मास्तरांचा पंजा होता तिथंच होता. तिनं मान हलवली. मास्तरांनीही बाईंकडं बघून मान हलवली, आणि मग डोळे मिटून घेतले. हात मात्र काढला नाही. पट्टी बांधून झाल्यावर बाईंना त्यांची बोटं एकेक करून सोडवावी लागली, इतकी ती आखडली होती.

बाईंनी पुढच्या गावी निरोप धाडला आणि मलमपट्टीसाठी आणखी काही दिवस मुक्काम वाढवला. रोज संध्याकाळी मास्तर जायचे. पोरीचा ताप उतरलेला बघायचे आणि मग बाईंच्या मागं लागायचे. 'नक्की जाईन' कसं म्हणाल? 'कधीच जाणार नाही' कसं म्हणाल? बाई उत्तर द्यायच्या आणि मास्तर तोंडाकडं टक लावून बघायचे. 'आयड नेव्हर गो.' 'आयड सर्टनली गो.' प्रत्येक वेळेला ते 'ड' आधी, शब्द नंतर. 'वुडंट' असलं की मात्र 'प्रॉबेबली' आधी आणि ते नंतर. मग मास्तरांनी विचारलं, तुम्ही जाल का असं कुणी विचारलं आणि तुम्हाला एवढंच म्हणायचं असलं की बहुतेक जाईन, तर? बाई म्हणाल्या, "आय प्रॉबेबली वुड." आणि स्वतःच चमकल्या. इथं 'प्रॉबेबली' पुन्हा आधी आलं होतं, आणि 'वुड' पुरं म्हणावं लागलं होतं. त्याचा 'ड' करून वाक्य तिथंच सोडता येईना. त्यांनी दोन-तीनदा म्हणून बघितलं, हसल्या, आणि म्हणाल्या की हे मी जन्मभर बोलत आले, पण असं बोलते हे मला आज कळलं.

मास्तर घरी आले ते हे रतनबाईंना सांगतच. त्या भाकरी थापत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हेडमास्तरांचा माणूस येऊन गेला. मुआयन्याच्या टायमाला इंग्रजीचा वर्ग रिकामा होता म्हणून साहेब लई तापले होते."

महिन्याभरात तबादल्याचा हुकूम आला. बिनरुखसत, म्हणजे रजा न घेता, गैरहजर राहिल्याबद्दल युसूफ वडगावच्या प्राथमिक शाळेत रवानगी. तिथं मुळाक्षरं आणि पाढे. इंग्रजीचं नावच नाही. मास्तरांना जे नवं कळलं होतं ते सांगायला वर्गच उरला नाही. पुढची चार-पाच वर्षं त्यांनी 'ग म भ न' गिरवून घेतलं, आणि संध्याकाळी रतनबाईंना इंग्रजी शिकवलं. रतनबाई आधी हसल्या, मग शिकल्या. वडगावच्या बाया सांगायच्या, मास्तरीणबाईला कुणी आणखी एक पोळी वाढायला लागलं की ती ताटावर हात धरून म्हणायची, "आयड नेव्हर!" बायांना वाटायचं, मास्तरीणबाईच्या माहेरी 'पुरे'ला असंच म्हणत असतील.

तबादल्याचं दुःख झालं का, असं मी एकदा विचारलं होतं. मास्तर म्हणाले, "झालं की. लई झालं. पहिलं वर्षभर तर घरात कुणाशी धड बोलत न्हवतो." एवढंच. मग विषय बदलला.

नवे हेडमास्तर आले तेव्हा त्यांनी खटपट करून मास्तरांना गेवराईला परत आणलं. आल्यावर थोड्याच दिवसांत शहादेव दारात उभा राहिला. छबूला बघायला पाहुणे यायचे होते, आणि तुम्ही पाहिजेत म्हणाला. मास्तर आणि रतनबाई दोघंही गेले. केशरबाईनं पोरीला लांब पायघोळ लुगडं नेसवलं होतं. करंगळीचं बोलायचं नाही, असं तिनं मास्तरांना आधीच बजावलं. मास्तर म्हणाले, "आक्का, एकदा खोटं सांगून मी लई धावलोय. आता खरं सांगू या."

पाहुणे बसल्यावर त्यांनीच सांगितलं. काटा, पू, करंगळी, सगळं. ओढ्यात पडलेलं तेवढं वगळलं. नवऱ्या मुलाचा बाप मिशीवर हात फिरवायला लागला. छबू कुणी न सांगता उठली, घागर कमरेवर घेतली आणि पाहुण्यांच्या समोरून आडावर जाऊन भरली घागर घेऊन परत आली. पाणी हिंदकळलं नाही. मुलाची आत्या, चांगली ठसठशीत म्हातारी, तिच्या पायाकडं बघत होती. ती म्हणाली, "जोडवी करंगळीत कुठं घालत्यात? शेजारच्या बोटात घालत्यात. ते बोट हाय न्हवं? मग झालं."

लग्न त्याच उन्हाळ्यात झालं.

आमच्या वर्गात मास्तर 'वुड' शिकवायचे ते फळ्यावर नव्हेच. चौघांना पुढं उभं करायचे. एकजण 'आय', एकजण 'ड', एकजण 'प्रॉबेबली', एकजण 'गो'. 'ड' झालेल्यानं 'आय'च्या खांद्याला घट्ट धरायचं, मधे कुणाला शिरू द्यायचं नाही. मग 'ड'ला बसवून त्याच्या जागी दांडगा 'वुडंट' यायचा, आणि 'प्रॉबेबली'नं पटकन त्याच्या पुढं जाऊन उभं राहायचं. जागा चुकली की मास्तर ओरडायचे, "आरं, पाय तुटंल कुणाचा तरी!" आम्हाला त्याचा अर्थ कळायचा नाही, पण आम्ही जागा चुकत नसू. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी हा काय तमाशा म्हणून विचारलं होतं. मास्तरांनी त्यांनाही 'प्रॉबेबली' करून उभं केलं, असं मोठी मुलं सांगायची. ते मी पाहिलेलं नाही.

पुढं मी शिकायला हैदराबादेला गेलो. सुट्टीत आलो तेव्हा मास्तरांना भेटायला गेलो. ते निवृत्त झाले होते, दात पडले होते, ओट्यावर ऊन खात बसले होते. मी ऐट दाखवायला त्यांच्याशी भराभर इंग्रजीत बोलायला लागलो. त्यांनी कानामागं तळवा धरला, थोडा वेळ ऐकलं, आणि म्हणाले, "हळू बोल बे. मला न्हाई कळलं. पुन्हा सांग." मी पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा कळल्यावर त्यांचा चेहरा असा उजळला की मी माझी ऐट विसरून गेलो. मग त्यांनी आत वळून रतनबाईंना हाक मारली आणि चहा टाकायला सांगितला.